बर्फावर कमावलेले पाय

फेब्रुवारी १८९४. नॉर्वेतल्या हामार गावी वीस वर्षांच्या एका डच तरुणाने पाच हजार मीटर स्केटिंगची शर्यत ८ मिनिटं ३७.६ सेकंदांत पुरी केली. हा विक्रम पुढची सतरा वर्षं अबाधित राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हा तरुण बेल्जियमच्या अँटवर्प शहरात सायकलच्या जागतिक स्पर्धेत उतरला आणि हौशी खेळाडूंची दहा किलोमीटरची शर्यत जिंकून आला. पुढचं वर्ष त्याहून सरस गेलं. हिवाळ्यात पुन्हा हामारला स्केटिंगचं जगज्जेतेपद, उन्हाळ्यात जर्मनीतल्या कोलोनला हौशी गटातल्या सायकल स्प्रिंटचं जगज्जेतेपद. या तरुणाचं नाव याप एडन.

एडनला दोन खेळ येत होते एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. थंडीत बर्फावर कमावलेला मांड्यांचा जोर उन्हाळ्यात सायकलच्या पायडलवर जसाच्या तसा उतरतो, हे त्याच्या पायांनी सगळ्या जगासमोर दाखवून दिलं. त्यामागचं कारण प्रयोगशाळेत तपासलं जायला आणखी शंभर वर्षं जाणार होती.

आपल्याकडे थंडी म्हणजे सायकल बाहेर काढायचा हंगाम. पुण्या-नाशिककडचे सायकलवाले पाऊस उघडायची वाट पाहतात आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी घाट पालथे घालतात. उत्तर युरोपात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिशेब उलटा. ऑक्टोबर सरता सरता रस्त्यावरच्या शर्यती थांबतात. दुपार कलायच्या आत अंधार पडतो, रस्ते गोठतात, ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा मात्र पाय तयार हवेत. मग मधल्या चार महिन्यांत पायांचं करायचं काय? हा प्रश्न सायकलच्या शर्यतींइतकाच जुना आहे आणि त्याची उत्तरंही अनेक निघाली.

एक उत्तर होतं छपराखाली जाण्याचं. १८७८ च्या फेब्रुवारीत लंडनच्या इस्लिंग्टन भागातल्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टँटनने सहा दिवसांत हजार मैल सायकल चालवण्याची पैज मारली आणि जिंकली. त्यातून ‘सहा दिवसांची शर्यत’ हा प्रकार रुजला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो फोफावला, १९०९ मध्ये बर्लिनला आला, १९१३ मध्ये पॅरिसला, १९२२ मध्ये बेल्जियमच्या गेंटला. लाकडी धावपट्टीवर दोघादोघांच्या जोड्या आळीपाळीने फिरत आणि बाहेर बर्फ पडत असताना आत हजारो प्रेक्षक ओरडत बसत. बेल्जियमच्या पॅट्रिक सेर्कूने अशा ८८ शर्यती जिंकल्या. पण या शर्यती म्हणजे पोट भरण्याचं साधन. त्यात पाय टिकत, कमाई होई; जोर वाढवायला लागणारी उसंत मिळत नसे.

दुसरं उत्तर चिखलातलं. फ्रेंच सैन्यातला डॅनियल गूसो हा जवान आपल्या घोडेस्वार सोबत्यांबरोबर रानातून सायकल दामटत असे. त्यातून १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली सायक्लोक्रॉस अजिंक्यपद स्पर्धा उभी राहिली. चिखल, चढ, ओढे. जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन पळायचं. ऑक्ताव लापीझ हा १९०७ मध्ये या खेळाचा फ्रेंच विजेता झाला आणि १९१० मध्ये त्याने टूर द फ्रान्स जिंकली. आपल्या यशाचं श्रेय त्याने हिवाळ्यातल्या या चिखलतुडवीला दिलं, तेव्हा रस्त्यावरच्या खेळाडूंचे डोळे तिकडे वळले. १९५० मध्ये पॅरिसला सायक्लोक्रॉसची पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती जिंकणारा जाँ रोबीक हा १९४७ चा टूर विजेता होता.

तिसरं उत्तर घरातलं. चौकटीत बसवलेले तीन दंडगोल, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या. त्यांवर तोल सांभाळत जागच्या जागी सायकल चालवायची. हे रोलर. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला, त्याआधी तो बेल्जियममधल्या आपल्या गॅरेजात तोंडावर मुखवटा बांधून, विरळ प्राणवायूची हवा घेत रोलरवर घाम गाळत होता. रोलरवर पाय एकसारखे गोल फिरायला शिकतात, दम वाढतो. स्नायूंवर भार मात्र बेताचाच पडतो.

खरा भार पडायचा तो बर्फावर.

वेगाचं स्केटिंग करणाऱ्या माणसाकडे बाजूने पाहिलं तर त्याच्या खाली सायकल नाही एवढाच फरक जाणवतो. पाठ जमिनीला जवळजवळ समांतर, कंबरेत वाक, गुडघे काटकोनाच्या आसपास मुडपलेले. दोन्ही खेळांत रेटा येतो तो मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूंतून आणि नितंबांतून. दोन्हींत पाय जमिनीवर आपटत नाही, त्यामुळे धावणाऱ्याच्या गुडघ्यांना आणि नडग्यांना बसतात तसे हादरे बसत नाहीत आणि तास न् तास काम करता येतं. दोन्हींत मुख्य शत्रू हवाच. म्हणून दोघंही अंग चोरून, वाकून जातात.

फरक आहे तोही सायकलवाल्याच्या फायद्याचा. पायडल प्रत्येक फेऱ्यात मांडीला क्षणभर मोकळं सोडतं. बर्फावर तशी सुटका नाही. एका पायावर घसरत असताना सगळ्या शरीराचं वजन त्या अर्ध्या बैठकीत तोलून धरावं लागतं, आवळलेल्या स्नायूंत रक्त नीट फिरत नाही आणि मांड्या पेटतात. अशा हजारो अर्ध्या बैठका काढून जो मार्चमध्ये सायकलवर बसतो, त्याला चढावरचं पायडल हलकं वाटलं तर नवल नाही. वळणावर एका पायाने बाहेर रेटताना मांडीच्या बाजूचे, कमरेजवळचे स्नायूही तयार होतात. नुसती सायकल चालवणाऱ्याचे हे स्नायू बहुधा कच्चे राहतात.

ॲमस्टरडॅमच्या फ्रये विद्यापीठात खेरिट यान फान इंगेन स्खेनाउ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्केटिंग आणि सायकलिंग या दोन्ही हालचालींचा यांत्रिकीच्या अंगाने अभ्यास केला. नितंबातून निघालेला जोर गुडघ्यातून घोट्यापर्यंत कसा पोचतो, दोन सांध्यांवरून जाणारे स्नायू त्यात काय काम करतात, हा त्यांचा विषय. टाच उचलली तरी पातं बर्फावरच राहील असा ‘क्लॅप स्केट’ त्यांच्याच अभ्यासातून आला. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये या स्केटने जुने विक्रम धडाधड मोडले. नेदरलँड्समध्ये हा अभ्यास व्हावा हे साहजिकच होतं. उन्हाळ्यात सगळा देश सायकलवर आणि कालवे गोठले की तोच सगळा देश बर्फावर, अशी तिथली जुनी रीत. फ्रीसलंड प्रांतातली अकरा गावं जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरची बर्फावरची शर्यत १९०९ पासून बर्फ पुरेसा जाड झाला तरच भरते. शेवटची १९९७ च्या जानेवारीत भरली.

याप एडनच्या वाट्याला मात्र दीर्घ सुख आलं नाही. तो पुढे धंदेवाईक सायकलपटू झाला, पैसा आला आणि गेलाही. १९२५ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी तो हलाखीत वारला. ॲमस्टरडॅममध्ये १९६१ साली नेदरलँड्सची पहिली ४०० मीटरची कृत्रिम बर्फाची धावपट्टी उघडली, तिला त्याचं नाव दिलं गेलं. देशातल्या वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कारही त्याच्याच नावाचा आहे.

एडनने दाखवलेली वाट पुढे सर्वांत जास्त तुडवली गेली ती अटलांटिकपलीकडे, अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांभोवतीच्या थंड राज्यांत. विस्कॉन्सिनमधल्या केनोशा गावी १९२७ पासून सायकलींसाठी उतरत्या कडांची धावपट्टी आहे. तिथून तासाभराच्या अंतरावर, मिलवॉकीला लागून असलेल्या वेस्ट ॲलिसमध्ये १९६० च्या दशकात ४०० मीटरची कृत्रिम बर्फाची धावपट्टी झाली. डेट्रॉइटमध्ये वोल्व्हरिन स्पोर्ट्स क्लब होता. उन्हाळ्यात सायकल, हिवाळ्यात स्केटिंग, पोरं तीच, असा त्याचा शिरस्ता. तिथे सायकलचे धडे देणारे माइक वॉल्डन हे कडक गुरू म्हणून ख्यातनाम होते. त्यांच्या हाताखाली घडलेल्या शीला यंग, स्यू नोव्हारा आणि कॉनी पॅरास्केव्हिन या तिघीही पुढे स्प्रिंटमध्ये जगज्जेत्या झाल्या.

शीला यंग १९७३ मध्ये आधी बर्फावरच्या स्प्रिंटची जगज्जेती झाली. मग उन्हाळ्यात स्पेनमधल्या सान सेबास्तियनला, स्पर्धेत पडून डोक्याला जखम झालेली असतानाही, सायकल स्प्रिंटची जगज्जेती झाली. एकाच वर्षात दोन खेळांची जागतिक पदं. १९७६ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्ण, रौप्य आणि कांस्य अशी तिन्ही पदकं मिळवली आणि त्याच वर्षी पुन्हा सायकलचं जगज्जेतेपद घेतलं.

या कहाणीत मुलींचीच नावं इतकी का येतात? उत्तर ऑलिंपिकच्या वेळापत्रकात आहे. स्त्रियांच्या वेगवान स्केटिंगला ऑलिंपिकमध्ये अधिकृत प्रवेश मिळाला १९६० मध्ये. स्त्रियांच्या सायकलिंगला मिळाला १९८४ मध्ये. मधल्या चोवीस वर्षांत ज्या मुलीच्या मांड्यांत जोर होता, तिला ऑलिंपिकचं दार उघडं होतं ते बर्फावरच. तेव्हा सायकल हा स्केटिंगचा उन्हाळी सराव ठरला आणि स्केटिंग हा सायकलचा हिवाळी सराव. एका खेळाने नाकारलेली संधी दुसऱ्यात शोधता शोधता या मुलींनी पाय कमावण्याची अशी पद्धत उभी केली, जी त्या काळच्या पुरुष सायकलपटूंकडेही नव्हती. युरोपातले अनेक पुरुष व्यावसायिक तेव्हा वजनं उचलल्याने स्नायू जड होतात म्हणून तालमीपासून लांबच राहत.

विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरातली कॉनी कार्पेंटर १९७२ मध्ये साप्पोरोच्या हिवाळी ऑलिंपिकला स्केटिंगसाठी गेली तेव्हा अवघी चौदा वर्षांची होती. १५०० मीटरमध्ये ती सातवी आली. घोट्याच्या दुखापतीने १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक हुकलं आणि ती सायकलकडे वळली. १९८३ मध्ये ती ट्रॅकवरच्या परसूट प्रकारात जगज्जेती झाली. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला स्त्रियांची पहिलीवहिली ऑलिंपिक रोड रेस झाली, सुमारे ७९ किलोमीटरची. अखेरच्या क्षणी हात सरळ करून सायकल पुढे फेकत कार्पेंटरने रेबेका ट्विगला अर्ध्या चाकाने मागे टाकलं.

त्याच मॅडिसन शहरातले एरिक आणि बेथ हे हायडन भाऊबहीण. त्यांच्या प्रशिक्षक डायान होलम या १९७२ च्या १५०० मीटरच्या ऑलिंपिक विजेत्या. बर्फ नसलेल्या महिन्यांत त्या मुलांकडून वजनासह बैठका काढून घेत, सायकल चालवून घेत, गुळगुळीत फळीवर मोजे घालून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत घसरण्याचा सराव करून घेत. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये एरिकने ५०० पासून १०,००० मीटरपर्यंतच्या पाचही शर्यती जिंकल्या. शेवटची जागतिक विक्रमासह. बेथने तिथे ३००० मीटरला कांस्य मिळवलं आणि त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधल्या सालांशच्या डोंगराळ रस्त्यावर रोड रेसची जगज्जेती झाली.

एरिक हायडनचे पाय पुढे अमेरिकेच्या व्यावसायिक सायकलिंगचा पाया घालायच्या कामी आले. शीला यंगचा पती जिम ओकोविझ याने १९८१ मध्ये सेव्हन-इलेव्हन नावाचा संघ काढला आणि हायडन त्यातला सर्वांत ओळखीचा चेहरा ठरला. १९८५ मध्ये तो फिलाडेल्फियात अमेरिकेचा व्यावसायिक विजेता झाला. १९८६ मध्ये हा संघ टूर द फ्रान्समध्ये उतरला; अमेरिकन संघाने टूरमध्ये भाग घेण्याची ही पहिलीच वेळ. हायडन शेवटच्या आठवड्यात उतारावर पडला आणि त्याला शर्यत सोडावी लागली. बर्फावर घडलेली मोठी मांडी सपाटीवर आणि स्प्रिंटला कामाची. उंच डोंगरांवर तेच वजन वाहून न्यावं लागतं, हेही त्याच्या कारकिर्दीने दाखवलं. पुढे तो हाडांचा शल्यविशारद झाला.

पूर्व जर्मनीत हाच धागा वेगळ्या हातांनी विणला गेला. ड्रेस्डेनची क्रिस्टा रोथेनबुर्गर बर्फावरची स्प्रिंटर. तिचे प्रशिक्षक एर्न्स्ट लुडिंग यांनी बर्फ नसलेल्या महिन्यांत पाय तयार ठेवायला तिला १९८० च्या सुमारास सायकलच्या ट्रॅकवर आणलं. १९८४ मध्ये सारायेव्होच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तिने ५०० मीटरचं सुवर्ण घेतलं, १९८६ मध्ये ती सायकल स्प्रिंटची जगज्जेती झाली. १९८८ हे तिचं वर्ष. फेब्रुवारीत कॅलगरीला १००० मीटरचं सुवर्ण आणि ५०० मीटरचं रौप्य. तिथे बॉनी ब्लेअरने तिला ०.०२ सेकंदाने मागे टाकलं. सप्टेंबरमध्ये सोलला स्त्रियांची सायकल स्प्रिंट ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. क्रिस्टा, आता लुडिंग यांच्याशी लग्न झालेली, तिथे एरिका सालुमाए हिच्या मागे दुसरी आली. तिसरी आली डेट्रॉइटची कॉनी पॅरास्केव्हिन. म्हणजे तीन पदकविजेत्यांपैकी दोघी मूळच्या बर्फावरच्या. चार वर्षांपूर्वी सारायेव्होला दोघी एकाच ५०० मीटरच्या शर्यतीत होत्या. एकाच वर्षात हिवाळी आणि उन्हाळी अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी क्रिस्टा ही एकमेव खेळाडू. १९९४ पासून ही दोन ऑलिंपिक वेगवेगळ्या वर्षी भरू लागल्याने तो मान तिच्याकडेच राहिला आहे.

कॅनडातल्या विनिपेगची क्लारा ह्यूज हिने उलट दिशेने प्रवास केला. १९९६ मध्ये अटलांटाला सायकलिंगची दोन कांस्यपदकं मिळवून ती बर्फाकडे वळली. २००६ मध्ये तुरिनला ५००० मीटरचं सुवर्ण धरून तिने स्केटिंगमध्ये चार पदकं घेतली. मग वयाच्या चाळिशीला टेकलेली ह्यूज २०१२ मध्ये लंडनला पुन्हा सायकलवर होती आणि टाइम ट्रायलमध्ये पाचवी आली.

प्रशिक्षकांनी अनुभवाने ओळखलेल्या या गोष्टीला मोजमापाचा आधार मिळाला तो अलीकडे. नॉर्वेतच, म्योसा सरोवराच्या उत्तर टोकावरच्या लिलेहामरमध्ये बेंट रॉनेस्ताद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या आसपास तयारीच्या सायकलपटूंवर प्रयोग केले. बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा, खांद्यावर जड वजन घेऊन अर्ध्या बैठका आणि पायांचे आणखी काही व्यायाम. सायकलचा नेहमीचा सराव चालूच. त्यानंतर खेळाडूंना तीन तासांहून जास्त वेळ बेताच्या वेगाने सायकल चालवायला लावून शेवटी पाच मिनिटं जीव तोडून पायडल मारायला सांगितलं. ज्यांनी वजनं उचलली होती त्यांची ती पाच मिनिटं आधीपेक्षा सरस झाली. बैठकांचा फायदा सर्वांत ठळक दिसला तो थकलेल्या पायांत. शर्यती बहुधा थकलेल्या पायांवरच ठरतात, म्हणून या निष्कर्षाचं मोल मोठं. हंगाम सुरू झाल्यावर आठवड्यातून एकदा जरी जड वजनांचा सराव ठेवला तरी हिवाळ्यात कमावलेला जोर टिकतो, हेही याच गटाने दाखवलं.

यात वजन जड असणं महत्त्वाचं. चार ते दहा वेळाच उचलता येईल इतकं जड. हलकं वजन शंभर वेळा उचलणं हे सायकल चालवण्यासारखंच झालं, आणि ते काम सायकल स्वतःच करते. आजच्या व्यावसायिक संघांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अशा बैठका नित्याच्या झाल्या आहेत.

दोन्ही खेळांत सर्वोच्च पातळीवर असणारे लोक मात्र कमी झाले. सायकलचा हंगाम जानेवारीतच ऑस्ट्रेलियात सुरू होतो. १९९९ पासून ॲडलेडच्या आसपास टूर डाउन अंडर भरते. छपराखालच्या धावपट्ट्या वाढल्या, घरच्या ट्रेनरला पडदा जोडून दूरदेशीच्या सवंगड्यांशी शर्यत लावता येऊ लागली. खेळाडूला चार महिने सायकलपासून दूर राहायला सवडच उरली नाही. सरावाची ही ये-जा आता उलट बाजूने जास्त दिसते. स्वीडनचा नील्स फान डर पूल याने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५००० आणि १०,००० मीटरची सुवर्णपदकं घेतली, १०,००० मीटरचं तर १२ मिनिटं ३०.७४ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह. त्यानंतर त्याने आपली सगळी सरावपद्धत लिहून जगाला मोफत खुली केली. तिच्यात दम वाढवण्याच्या काळातले बरेचसे तास सायकलवरचे आहेत.

या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पदकं खेळाडूंच्या गळ्यात पडली आणि ती योग्यच पडली. पण डेट्रॉइट, मॅडिसन आणि ड्रेस्डेन या गावांतून एवढे पाय घडले त्याचं श्रेय वॉल्डन, होलम आणि लुडिंग यांच्यासारख्या प्रशिक्षकांना तितकंच आहे. ऋतू बदलला म्हणून त्यांनी शिष्यांना रिकामं बसू दिलं नाही, आणि एका खेळाची मुलं दुसऱ्या खेळाकडे जातील या भीतीने त्यांना अडवलंही नाही.